तेराचा रिंग पाना

प्रिय शेंडेफळ,

बावन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला शेंडेफळ म्हणू नये हे मला कळतं. पण मी या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, आणि पहिल्याच दिवशी माझ्या नव्याकोऱ्या पेटीवर शाईची दौत सांडून पलंगाखाली लपला होतास. तेव्हापासून माझ्या लेखी तुझं वय तेवढंच राहिलंय. पत्र बघून तू दचकशील. दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग हे काय नवीन? पण फोन आला की तुझे दादा स्पीकर लावून मांडीवर घेऊन बसतात, आणि मी शेजारी भाजी निवडत हो ला हो करते. चोवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी लोकांची बोलणी जोडून दिली, पण माझ्याच घरातलं एक बोलणं मला जोडता येईना. म्हणून आज लिहायला बसलेय. हे आत झोपलेत. साधारण तासभर झोपतात. तेवढ्यात होईल तेवढं लिहिते.

तू दर वेळी विचारतोस, दादा, गाडी कुठवर आली? झाली की निघा. तू हे हसत विचारतोस, आणि त्यात तुझं काही चुकत नाही. पण तुला गाडी खरंच कुठवर आली ते माहीत नाही. तू तिला पाहिलंस तेव्हा ती जुन्या टेम्पोचा नुसता पत्र्याचा डबा होती. चार हात फिरलेली, एका दाराला आतून दोरी बांधलेली. हे रिटायर झाल्यावर गप्प बसतील असं मला वाटलं होतं, तर यांनी ही म्हातारी दारात आणून उभी केली. तिचं नाव मी थोरली ठेवलं. म्हटलं, चाळीस वर्षांच्या संसारानंतर माझ्या उरावर सवत आणलीत, आणि तीही माझ्यापेक्षा वयाने मोठी दिसणारी. हे आपले हसले आणि तिच्याखाली शिरले. दोन वर्षं झाली, माणूस वर कमी आणि गाडीखाली जास्त असतो.

आता तिला बघशील तर ओळखणार नाहीस. सगळं घरच्या घरी केलंय, एकही काम बाहेर दिलं नाही. मागच्या हौद्यावर पाइपांचा सांगाडा जोडून पत्र्याचं छत केलंय, दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या, त्याही भंगारात निघालेल्या बसच्या. आतमध्ये फळ्यांचा पलंग, खाली दोन लांब खण. एकात भांडी, एकात हत्यारं. बाजूला पाण्याची टाकी आणि तोटी. केबिनच्या टपावर कॅरिअर. पलंगाच्या मापासाठी यांनी मला अंगणात फरशीवर आडवं व्हायला लावलं आणि खडूने माझ्या भोवती रेघ काढली. समोरचे चष्मेवाले दारातून बघत होते. मी लाजेने अर्धी झाले, आणि हे म्हणतात, हलू नकोस, माप चुकेल. माझ्या पाठीचं दुखणं लक्षात ठेवून माझ्या बाजूची फळी डोक्याकडे चार बोटं वर घेतलीय. हे सगळं कशासाठी, तर तू बांधलेलं घर यांनी अजून पाहिलं नाही. वाटेत दोन मुक्काम करायचे, गाडीतच झोपायचं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या दारात हॉर्न वाजवायचा. एवढाच बेत आहे. लहान मुलाने सहलीची पिशवी भरून ठेवावी तसे हे दोन वर्षं तयारी करतायत.

आता जे मी तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. दहा महिन्यांपूर्वी हे बिजागऱ्या आणायला म्हणून सकाळी गाडी घेऊन गेले. दुकान इथून दहा मिनिटांवर. जेवायची वेळ टळून गेली तरी पत्ता नाही. दुपारी एका अनोळखी माणसाचा फोन आला. हे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, यांच्या नोकरीच्या जुन्या बस डेपोच्या दाराशी गाडी लावून बसले होते आणि हॉर्न वाजवत होते. डेपो बंद होऊन पाच वर्षं झाली. तिथल्या राखणदाराला हे दरडावून सांगत होते की पहिली पाळी सुरू झालीय, दार उघड. त्या बिचाऱ्याने यांच्या खिशातल्या कागदावरचा नंबर बघून मला फोन केला. मी रिक्षाने गेले. मला बघितल्यावर मात्र एकदम मवाळ झाले आणि म्हणाले, तू कशाला आलीस, डबा मी नेला होता की. परत येताना गाडी चष्मेवाल्यांच्या मुलाने चालवली.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, स्वभावाने चांगल्या. यांचं वजन करायला नेलं तेवढ्यात त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, हा विसरण्याचा आजार आता वाढतच जाणार, कमी होणार नाही. गाडी अजिबात चालवू देऊ नका. हे त्यांना तुम्ही सांगाल की मी सांगू? मी म्हटलं, मी सांगते. का म्हटलं असं, देव जाणे. ज्या माणसाने अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात गाड्या तपासून दिल्या, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते की तुम्ही आता गाडीला हात लावायचा नाही? घरी येईपर्यंत तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. किल्ली लपवून बघितली, पिठाच्या डब्यात. यांनी घर उलटंपालटं केलं आणि शेवटी पायरीवर बसून रडले, की आपल्याला आता वस्तूही सांभाळता येत नाहीत. मीच ती शोधल्याचं नाटक करून आणून दिली. बॅटरीची तार काढून ठेवा असं चष्मेवाले म्हणाले. ती यांनी दोन मिनिटांत परत लावली असती. ते हात काही विसरलेले नाहीत.

मग मला तो लाल पाटीचा नियम आठवला. तुलाही माहीत असेल, लहानपणी तू डेपोत यांच्या मागे मागे फिरायचास. एखाद्या गाडीचं काम चालू असलं की हे स्टिअरिंगला लाल पाटी अडकवायचे, आणि पाटी असेपर्यंत ती गाडी कोणी सुरूही करायची नाही. एकदा साहेबाने घाई केली तेव्हा यांनी त्यालाही गप्प केलं होतं. एक नट जरी सैल असला तरी गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. रिटायर होताना ती पाटी हे घरी घेऊन आले, आणि थोरलीच्या स्टिअरिंगला तीच अडकवलीय. बिजागऱ्या आणायला काढली त्या दिवशी पाटी सीटवर काढून ठेवलेली होती, हे मला नंतर दिसलं. किल्ली परत दिल्यावर मी त्या पाटीकडे बोट दाखवून नुसतं म्हटलं, काम अर्धवट आहे आणि तुम्ही गाडी बाहेर काढलीत? हे असे शरमले की काय सांगू. पाटी लगेच परत लावली आणि म्हणाले, पुरी झाल्याशिवाय आता हलवणार नाही. हाच माझा आधार झाला. गाडी पुरी झालीच नाही तर?

म्हणून मी नट खोलायला लागले. ऐकतोयस ना? दुपारी हे झोपले की तुझी वहिनी, वय वर्षं चौसष्ट, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, स्टूल घेऊन गाडीपाशी जाते, वर चढते, आणि कॅरिअरचे मागचे दोन नट सैल करते. पहिल्या दिवशी कुठल्या बाजूला फिरवायचा तेच कळेना, सैल करायच्या ऐवजी मी तो आणखी आवळला. पण शिकले. अडचण एकच होती. यांची डेपोची सवय अशी की नट आवळला की त्याच्यावरून बोल्टपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ मारायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ मोडते आणि लगेच कळतं. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन हे गाडीभोवती फिरतात आणि एकेक रेघ बघतात. म्हणून मी रंग काढायच्या थिनरच्या बोळ्याने रेघच पुसून टाकायची. हाताला वास यायचा. हे विचारायचे, कसला वास? मी सांगायची, नेलपॉलिश काढत होते. जन्मात कधी नेलपॉलिश लावलं नाही मी. पण यांनी मान डोलावली.

हुशारी केली असं वाटत होतं मला. आणि मी काय करून बसले होते ते मला महिन्याभराने कळलं. एका सकाळी हे कपाळाला हात लावून कॅरिअरपाशी उभे होते. म्हणाले, काल आवळले होते गं मी. आवळले होते ना? बघ, रेघसुद्धा नाही. रेघ मोडलेली दिसली असती तर यांनी कोणावर तरी संशय घेतला असता. मांजरावर, चष्मेवाल्यांच्या मुलावर, माझ्यावर. रेघच नाही म्हटल्यावर संशय घ्यायला एकच माणूस उरला, ते स्वतः. दोन्ही हात पुढे धरून हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हात गेले माझे. आजाराने जे अजून घेतलं नव्हतं ते मी माझ्या हाताने काढून घेत होते, शेंडेफळ. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, चहा निवतोय. आणि दुपारी परत स्टुलावर चढले. दुसरं काय करू, तूच सांग. नसते चढले तर दुसऱ्या दिवशी पाटी निघाली असती.

मग एकाएकी बरे दिवस आले. याची गंमत मला तेव्हा कळली नाही. साधारण चार महिन्यांपूर्वी यांची चिडचिड थांबली. सकाळी सैल नट दिसला की शीळ घालत आवळायचे, नवी रेघ मारायचे, आणि मला आत येऊन सांगायचे, आज परत कॅरिअर, जुनी गाडी आहे, चालायचंच. हत्यारांच्या पेटीत मला हवा तो पाना शोधावा लागायचा, तो आता आपोआप सगळ्यात वर मिळायला लागला. आधी मी उघड्या तोंडाचा फिक्स पाना वापरत होते, तो सारखा निसटायचा. आता वर ठेवलेला असायचा तेरा नंबरचा रिंग पाना, नटावर कसा छान बसणारा. शेजारी घडी घातलेलं फडकं. थिनरची बाटली भरलेली. स्टुलाचा एक पाय लटपटत होता, तोही कधीतरी ठोकून सरळ झाला. मी म्हटलं, चला, देवाला काळजी. मठ्ठ बाई मी. चाळीस वर्षं माणूस शेजारी झोपतो आणि तरी कळू नये.

तीन आठवड्यांपूर्वी पेटीत सगळ्यात वर पकड होती. रिंग पाना तळाशी. बाटली रिकामी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे परत हात पुढे धरून उभे. परत तेच, हात गेले माझे. त्या दिवसापासून रोज. आता आवळल्यावर रेघ मारायचंही विसरतात. मागच्या बुधवारी मला ताई म्हणाले. मी ओ दिली.

काल मी गाडीच्या विम्याचा कागद शोधत होते. तो केबिनमध्ये, यांच्या कामाच्या वहीत असतो. डेपोत ठेवायचे तशी वही यांनी थोरलीचीही ठेवलीय, रोजची तारीख, काम, खाली सही. मी कधी उघडून बघितली नव्हती, म्हटलं यांचा धंदा यांना लखलाभ. काल पानं उलटली. ओळीने एकच काम, कॅरिअर, मागचे दोन नट सैल, परत आवळले. मग एका पानावर अक्षर जरा मोठं. जसंच्या तसं उतरवून देते. दुपारी जाग आली. खिडकीतून पाहिलं. ही नट खोलते आहे. फिक्स पान्याने खोलते, नटाचे कोपरे झिजतील. तेराचा रिंग पाना वर ठेवणे. स्टूल दुरुस्त करणे, पडेल. आणि त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीच्या तारखेला, डॉक्टरीणबाईंनी हिला बाहेर नेऊन काय सांगितलं असेल ते आता समजलं. हिला विचारू नये. हिला खोलू द्यावे, आपण सकाळी आवळावे. खाली दोनदा ओढलेली रेघ, आणि लिहिलंय, विसरल्यास हे पान वाचणे.

त्या पानाचा कोपरा मळलाय. पुष्कळदा वाचलं असणार. पुढे रोज नुसती बरोबरची खूण आहे, सव्वातीन महिने, एकही दिवस चुकलेला नाही. आणि मग तीन आठवड्यांपूर्वी खूण थांबते. अक्षर वेडंवाकडं होतं. नट सैल. कोण खोलतं? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ते पान वाचायचं आहे हेच विसरले रे. इतके दिवस मला वाटत होतं, मी एकटी फसवतेय. एकटी नव्हते मी. आम्ही दोघं मिळून ती गाडी अपुरी ठेवत होतो, आणि दोघांपैकी एक न सांगता गेला. मी केबिनमध्ये बसून खूप रडले. नंतर हे खिडकीपाशी आले आणि मला म्हणाले, बाई, ही गाडी अजून तयार नाही, खाली उतरा.

आज हे झोपल्या झोपल्या, पत्र लिहायला बसण्याआधी, मी पाना घेऊन गेले, पण खोलायला नाही. पेटीच्या तळातून तेराचा काढला, स्टुलावर चढले, चौदाच्या चौदा नट एकेक करून तपासले. सगळे घट्ट होते. हात गेलेले नाहीत यांचे, एकही नट सैल नव्हता. फक्त मागच्या दोघांवर रेघा नव्हत्या. त्या मी मारल्या, पिवळ्या रंगाने. वाकड्या आल्यात, हसू नकोस. उद्या सकाळी हे चहा घेऊन बाहेर येतील, रेघा बघतील, आणि गाडी पुरी झालेली असेल. निदान ते हात बघत उभं राहणं तरी थांबेल. त्याहून जास्त काही आता माझ्या हातात नाही. बाकी सगळं निसटून चाललंय, आणि मी नुसती बघत बसलेय.

पण गाडी पुरी झाली की हे किल्ली मागणार. म्हणूनच हे पत्र. पाकिटात फडक्यात गुंडाळलेलं जे जड लागतंय ती थोरलीची किल्ली आहे. दुसरी किल्ली कधीच नव्हती. उद्यापासून हे विचारतील तेव्हा मी सांगेन, किल्ली धाकट्याकडे आहे, तो घेऊन येतोय, गाडी तोच चालवणार आहे. कुणा दुसऱ्याचं नाव सांगितलं तर ऐकायचे नाहीत, पण तुला यांनी आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही. दिवसातून दहा वेळा विचारतील, दहा वेळा सांगेन, आणि दहाही वेळा यांना आनंद होईल. नऊ महिन्यांत यांच्याशी बोललेली ही माझी पहिली खरी गोष्ट असेल, पण ती खरी ठरवणं तुझ्या हातात आहे. रजा काढ आणि ये. यांना शेजारी बसव, मला मागे माझ्या चार बोटं उंच फळीवर. वाटेत दोन मुक्काम कर, तू बाहेर झोप, लहानपणी गच्चीवर झोपायचासच. लवकर ये म्हणते ते एवढ्याचसाठी की काल यांनी तुझा भिंतीवरचा फोटो बघून विचारलं, हा मुलगा कोण. मी सांगितलं, आपलं शेंडेफळ. हे म्हणाले, हो हो, आणि परत फोटोकडे बघत राहिले. लाल पाटी मी काढलेली नाही. ती तू येऊन काढ.

तुझी वाट बघत बसलेली, तुझीच,
वहिनी